स्वामी विवेकानंद : आपल्या वाटेनें गेलेला एक विद्यार्थी

सन १८७७ सालची गोष्ट. त्या वेळीं मुंबईकडून येणारी आगगाडी नागपुरास येऊन थांबत असे. तेथून पूर्वेस रायपूरपर्यंत लोखंडी रस्ता अद्याप झाला नव्हता. ज्याला रायपुरास जावयाचें असेल त्याला नागपुरांत बैलगाडी ठरवावी लागे, आणि दाट अरण्यांतून, नदीनाल्यांतून, ठिकठिकाणीं मुक्काम करीत पंधरा दिवसांहून अधिक काळ वाट कंठावी लागे. अशाच बैलगाडीच्या प्रवासास त्या वर्षीं कलकत्त्याचें एक कुटुंब निघालें होतें. घरांतील कर्ता पुरुष कामानिमित्त अगोदरच रायपुरास जाऊन राहिला होता, आणि आई मुलांना घेऊन त्याच्याकडे चालली होती. मुलग्यांतील थोरला चौदा वर्षांचा होता. त्याचें नांव नरेंद्रनाथ दत्त. पुढें सारें जग ज्याला स्वामी विवेकानंद या नांवानें ओळखूं लागलें तो हाच मुलगा.

विद्यार्थिमित्रहो, नकाशा उघडून पाहा. नागपूर व रायपूर यांच्या मध्यें आपलाच मुलूख पसरलेला आहे, आणि वैनगंगा ओलांडल्यावांचून ती वाट पुरी होत नाहीं. जीं रानें, जे डोंगर आणि जे नाले आपण नित्य पाहतों, व नित्याचे म्हणूनच ज्यांच्याकडे आपलें लक्ष जात नाहीं, त्यांच्यामधून हा शहरांत वाढलेला मुलगा डोळे भरून सृष्टि पाहत गेला. त्या शोभेमुळें प्रवासाचे कष्ट आपणांस जाणवलेच नाहींत, असें पुढें मोठेपणीं ते सांगत असत.

या प्रवासांतील एक प्रसंग त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. वाट एका खिंडींतून जात होती. दोहों बाजूंचे उंच कडे एकमेकांच्या जवळ आले होते, आणि एका कड्याच्या भेगेंत वरपासून खालपर्यंत लोंबणारें मधमाश्यांचें एक प्रचंड मोहोळ होतें. एवढ्याशा माश्या, आणि त्यांचें हें केवढें राज्य! याचा आरंभ कधीं झाला असेल, किती काळ किती जीव यासाठीं खपले असतील, असा विचार करतां करतां मुलाचें मन त्यांत इतकें गढून गेलें कीं त्याला देहाचें भान राहिलें नाहीं. तो भानावर आला तेव्हां गाडी कितीतरी पुढें निघून आली होती. जुन्या चरित्रकारांनीं हा डोंगर विंध्याचा म्हणून सांगितला आहे. कांहीं अभ्यासक मात्र ही जागा सालेकसा तालुक्यांतील दरेकसाच्या डोंगरांत असावी असें मानतात. सालेकसा आज गोंदिया जिल्ह्यांत आहे, परंतु १९९९ सालीं तो जिल्हा वेगळा होईपर्यंत तो भंडारा जिल्ह्याचाच भाग होता. स्थळ कोणतेंही असो, तें मोहोळ आपण ध्यानांत ठेवूं. कारण या पुरुषाच्या कार्याचा विस्तार जगभर कसा झाला हें समजण्यास त्याचा उपयोग होईल.

नरेंद्रनाथांचा जन्म ता. १२ जानेवारी १८६३ रोजीं, मकरसंक्रांतीच्या दिवशीं, कलकत्त्यास झाला. वडील विश्वनाथ दत्त हे हायकोर्टांतील वकील. आई भुवनेश्वरीदेवी मोठ्या धर्मनिष्ठ व करारी. रायपुरास त्या काळीं मुलाला घालण्याजोगी चांगली शाळा नव्हती. आतां मुलाचें वर्ष फुकट जाणार म्हणून विश्वनाथबाबू हळहळत बसले नाहींत. त्यांनीं मुलाला स्वतःजवळ बसवून शिकविण्यास आरंभ केला. पाठांतरापेक्षां चर्चेवर त्यांचा भर असे. घरीं विद्वान् मंडळी जमत तेव्हां मुलाला तेथें बसूं देत, बोलूं देत, आणि त्याचें म्हणणें चुकलें तर कारणें देऊन खोडून काढीत. सुमारें दोन वर्षें असें शिक्षण झालें. १८७९ सालीं कुटुंब कलकत्त्यास परतलें आणि नरेंद्र एंट्रन्सच्या परीक्षेंत पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झाला. शाळा नसलेल्या गांवीं काढलेलीं तीं दोन वर्षें वायां गेलीं नव्हतीं. पालकांनीं हें अवश्य लक्षांत घ्यावें.

पुढें तो जनरल असेंब्लीज इन्स्टिट्यूशन या मिशनच्या कॉलेजांत शिकूं लागला. आज तें स्कॉटिश चर्च कॉलेज या नांवानें प्रसिद्ध आहे. तेथील प्रिन्सिपॉल विल्यम हेस्टी हे स्कॉटलंडचे मिशनरी होते. एके दिवशीं वर्गांत वर्डस्वर्थ कवीची एक कविता चालली असतां, सृष्टीचें सौंदर्य पाहून कवीचें मन देहभान विसरतें म्हणजे काय होतें, हें मुलांना उमगेना. तेव्हां हेस्टीसाहेबांनीं सांगितलें कीं, चित्ताची अशी अवस्था लाभलेला एक पुरुष दक्षिणेश्वरास राहतो. तेथें जाऊन पाहिल्यास याचा अर्थ तुम्हांला कळेल. तो पुरुष म्हणजे श्रीरामकृष्ण परमहंस. परधर्मी अध्यापकानें मोकळ्या मनानें दाखविलेली ही वाट नरेंद्राच्या आयुष्याची दिशा ठरविण्यास कारण झाली. खरा शिक्षक आपल्या विद्यार्थ्याला आपल्याच अंगणांत अडवून ठेवीत नाहीं, याचें याहून चांगलें उदाहरण सांपडणें कठीण.

नरेंद्र त्या काळीं ब्राह्मसमाजांत जात असे. ईश्वर प्रत्यक्ष पाहिला आहे काय, हा प्रश्न तो थोरामोठ्यांना विचारी, आणि कोणाकडूनही त्याला सरळ उत्तर मिळत नसे. १८८१ च्या अखेरीस त्याची व श्रीरामकृष्णांची गांठ पडली, व त्यांनाही त्यानें हाच प्रश्न केला. आपण ईश्वराला पाहतों, आणि समोरच्या या मुलाला पाहतों त्याहूनही स्पष्ट पाहतों, असें त्यांनीं तत्काळ सांगितलें. तरीही नरेंद्रानें लगेच मान तुकविली नाहीं. त्यानें त्या उत्तराची वर्षानुवर्षें पारख केली, वाद घातले, शंका काढल्या; आणि गुरूंनींही शिष्याची ही तपासणी आनंदानें सोसली.

१८८४ च्या फेब्रुवारींत वडील एकाएकीं वारले. मागें कर्ज निघालें, नातलगांनीं घरासाठीं कोर्टकचेरी मांडली, आणि सुखांत वाढलेल्या या कुटुंबास दोन वेळच्या अन्नाची भ्रांत पडली. पदवीधर नरेंद्र अनवाणी पायांनीं कचेऱ्यांचे उंबरे झिजवीत फिरूं लागला. घरांत अन्न पुरेसें नाहीं असें दिसलें कीं, बाहेर जेवावयास बोलावलें आहे असें आईला सांगून तो उपाशीच बाहेर पडे. ज्यानें पुढें भुकेल्याला धर्म सांगण्यापूर्वीं अन्न द्यावें असा आग्रह धरला, त्यानें भूक पुस्तकांत वाचलेली नव्हती.

अशा स्थितींत त्याच्यापुढें जो खरा पेंच उभा राहिला तो वेगळाच होता. गुरूंच्या अखेरच्या आजारांत, काशीपूर येथील बागेंत, समाधींत निरंतर बुडून राहावें अशी आपली इच्छा त्यानें गुरूंपाशीं बोलून दाखविली. गुरु संतुष्ट होतील अशी त्याची अपेक्षा असावी. परंतु त्यांनीं त्याचा धिक्कार केला. थकल्याभागल्या हजारों जीवांना सावली देणारा वटवृक्ष तूं होशील असें मला वाटत होतें, आणि तूं स्वतःच्याच सुखाची गोष्ट बोलतोस, अशा अर्थाचे त्यांचे शब्द त्याच्या जिव्हारीं लागले. ता. १६ ऑगस्ट १८८६ रोजीं श्रीरामकृष्णांनीं देह ठेवला. परंतु हा प्रश्न त्यांनीं शिष्याच्या अंतःकरणांत कायमचा ठेवून दिला. मिळविलेलें धन, मग तें पैशाचें असो, विद्येचें असो वा अध्यात्माचें असो, स्वतःपुरतें ठेवावें कीं वांटावें, हाच तो प्रश्न होय.

गुरुबंधूंनीं वराहनगर येथें एक पडकें घर भाड्यानें घेऊन मठ मांडला. कधीं भाताबरोबर मीठही नसे. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत अंतपूर या खेड्यांत, धुनीभोंवतीं बसलेल्या या तरुणांना नरेंद्रनाथांनीं येशू ख्रिस्ताच्या त्यागाची कथा सांगितली आणि सर्वांनीं संसारत्यागाचा निश्चय केला. ती नाताळची पूर्वरात्र होती हें त्यांना मागाहून कळलें. पुढें संन्यासी होऊन भ्रमंतीस निघाल्यावर नरेंद्रनाथांजवळ जीं थोडीं पुस्तकें असत त्यांत भगवद्गीतेच्या जोडीला ख्रिस्तानुकरणाचें प्रसिद्ध पुस्तक असे, व त्याच्या कांहीं भागाचें बंगालींत भाषांतरही त्यांनीं केलें होतें.

या भ्रमंतींत १८९२ सालीं ते महाराष्ट्रांत आले. मुंबईहून पुण्यास जातांना आगगाडीच्या डब्यांत त्यांची बाळ गंगाधर टिळकांशीं ओळख झाली, आणि ते टिळकांच्या घरीं आठदहा दिवस राहिले. या तरुण संन्याशाचें पुढें काय होणार आहे याची त्या वेळीं यजमानांनाही कल्पना नव्हती. तेथून पुढें ते कोल्हापूर व बेळगांव या मार्गानें गोव्यास गेले. गोव्यांत रायतूरच्या प्राचीन सेमिनरींत राहून त्यांनीं ख्रिस्ती धर्मशास्त्राचे ग्रंथ पाहिले असें त्यांच्या चरित्रांत सांगतात. दुसऱ्याचें घर आंतून पाहिल्यावांचून त्याविषयीं बोलूं नये ही त्यांची रीत होती. राजवाड्यापासून झोंपडीपर्यंत सर्वत्र राहून देशाचें दैन्य त्यांनीं पाहिलें आणि वर्षाच्या अखेरीस ते कन्याकुमारीस पोहोंचले. गुरूंनीं घातलेल्या प्रश्नाचें उत्तर त्यांना तेथें स्पष्ट दिसलें. देशाजवळ जें आहे तें जगाला द्यावयाचें, आणि जगाजवळ जें आहे तें देशासाठीं आणावयाचें, असा त्यांचा संकल्प झाला.

ता. ३१ मे १८९३ रोजीं ते मुंबई बंदरांतून बोटीनें निघाले व चीन-जपानमार्गें अमेरिकेंत शिकागोस पोहोंचले. तेथें जाऊन पाहतात तों सर्वधर्मपरिषदेला अजून महिन्याहून अधिक अवकाश, हातीं परिचयपत्र नाहीं, आणि पैसा झपाट्यानें संपत चाललेला. खर्च कमी म्हणून ते बोस्टनकडे गेले. तेथें हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यापक राइट यांनीं त्यांची विद्वत्ता ओळखून परिषदेच्या मंडळींना पत्र दिलें. शिकागोस परत येतांना पत्ता हरवला. ती रात्र त्यांनीं रेल्वेच्या आवारांतील एका रिकाम्या खोक्यांत काढली. दुसऱ्या दिवशीं दारोदार विचारीत हिंडत असतां हेलबाई नांवाच्या गृहिणीनें त्यांना हांक मारून घरांत घेतलें व परिषदेच्या कचेरींत नेऊन पोहोंचविलें.

ता. ११ सप्टेंबर १८९३ रोजीं परिषद उघडली. हिंदुस्थानांतून दुसरेही प्रतिनिधि आले होते. जैनांच्या वतीनें वीरचंद गांधी, ब्राह्मसमाजाचे प्रतापचंद्र मुजुमदार, आणि मुंबईचे बी. बी. नगरकर. विवेकानंदांची पाळी दुपारीं आली. त्यांनीं श्रोत्यांना परके न समजतां बहीणभाऊ म्हणून संबोधिलें, आणि ती प्रचंड सभा उभी राहून टाळ्यांचा गजर करूं लागली. कोणताही धर्म दुसऱ्या धर्माचा शत्रु नव्हे, हें त्यांच्या सांगण्याचें सार होतें. एका दिवसांत त्यांचें नांव वर्तमानपत्रांतून सर्वतोमुखीं झालें. त्या रात्रीं एका श्रीमंताच्या घरीं मऊ बिछान्यावर मात्र त्यांना झोंप येईना. मायदेशांतील उपाशी माणसें डोळ्यांपुढें येऊन ते जमिनीवर लोळून रडले.

आपण पुष्कळदां ही गोष्ट येथेंच संपवितों, आणि एका भाषणानें जग जिंकलें असें मुलांना सांगतों. परंतु टाळ्या विरून जातात. ती परिषद सतरा दिवसांत आटोपली, आणि तींत बोललेल्या बहुतेकांचीं नांवें आज कोणाला आठवत नाहींत. विवेकानंदांचें कार्य टिकलें व पसरलें तें त्यानंतरच्या कष्टांमुळें. व्याख्यानें ठरवून देणाऱ्या एका कंपनीबरोबर ते गांवोगांव फिरले. कंपनी आपणांस लुबाडीत आहे असें दिसल्यावर त्यांनीं तो संबंध सोडला. १८९४ च्या नोव्हेंबरांत न्यूयॉर्क येथें वेदान्त सोसायटीची स्थापना झाली. पुढील वर्षाच्या आरंभीं त्याच शहरांत साध्या भाड्याच्या खोल्या घेऊन त्यांनीं मोफत वर्ग सुरू केले. जागा अपुरी पडे, लोक जमिनीवर, जिन्यावर बसत. आणि भाड्यापुरते पैसे जमले नाहींत तर स्वामीजी इतर विषयांवर व्याख्यानें देऊन तूट भरून काढीत. सन १८९५ च्या उन्हाळ्यांत सेंट लॉरेन्स नदीमधील एका बेटावर मोजक्याच शिष्यांना त्यांनीं सुमारें सात आठवडे शिकविलें.

येथें मधमाश्यांचें तें मोहोळ आठवावें. या कार्यांत एकेक माणूस येऊन मिळाला आणि त्यानें आपल्या वांट्याचें काम मुकाट्यानें केलें. गुडविन नांवाचा एक तरुण इंग्रज लघुलेखक पगारी नोकर म्हणून आला आणि शिष्य होऊन राहिला; स्वामीजींचीं जीं व्याख्यानें आज आपणांस वाचावयास मिळतात त्यांतील पुष्कळशीं त्याच्या लेखणीमुळें वांचलीं. तो १८९८ सालीं उटकमंड येथें ऐन तारुण्यांत वारला. लंडनमध्यें मार्गारेट नोबल या शिक्षिकेनें त्यांना ऐकलें, पुष्कळ वाद घातला, आणि पुढें भगिनी निवेदिता होऊन कलकत्त्याच्या गल्लींत मुलींची शाळा चालविली. सेव्हियर पति-पत्नींनीं हिमालयांत मायावती येथें आश्रम उभारण्यास आपलें सर्वस्व वेंचलें. गुरुबंधु सारदानंद व अभेदानंद यांना स्वामीजींनीं परदेशीं बोलावून घेतलें, आणि अभेदानंद तर १८९७ पासून १९२१ पर्यंत मुख्यतः अमेरिकेंत राहून काम करीत राहिले.

या काळांत त्यांना विरोधही झाला. कांहीं मिशनरी मंडळींनीं व कांहीं स्वदेशीयांनींही त्यांच्यावर कठोर टीका केली, आणि त्यांनींही कित्येकदां तितक्याच कठोर शब्दांत उत्तर दिलें. दोन्ही बाजूंचे ते शब्द आतां इतिहासजमा झाले आहेत. परंतु ज्या परिषदेंत त्यांना व्यासपीठ मिळालें तिचे प्रमुख चालक बॅरोज हे ख्रिस्ती धर्मोपदेशकच होते, हेंही न्यायानें सांगितलें पाहिजे.

१८९७ च्या जानेवारींत ते मायदेशीं परतले, आणि त्याच वर्षीं ता. १ मे रोजीं कलकत्त्यास त्यांनीं रामकृष्ण मिशन स्थापन केलें. ख्रिस्ती मिशनांची शाळा, दवाखाना व शिस्तबद्ध सेवा त्यांनीं डोळ्यांनीं पाहिली होती. पाश्चात्त्यांची संघटनेची कला घेण्यांत त्यांना कमीपणा वाटला नाहीं. गुरूंनीं शिकविलें होतें कीं, जीवावर दया करणारे आपण कोण, जीवाला शिव मानून त्याची सेवा करावी. या शिकवणीला त्यांनीं संस्थेचें रूप दिलें. त्याच महिन्यांत स्वामी अखंडानंदांनीं मुर्शिदाबाद जिल्ह्यांत दुष्काळपीडितांसाठीं काम उघडलें. पुढील वर्षीं कलकत्त्यास प्लेगाची भीति उभी राहिली. तेव्हां पैसा कोठून आणावयाचा असें कोणी विचारतांच, मठासाठीं नुकतीच घेतलेली जमीन विकून टाकूं, असें स्वामीजींनीं सांगितलें. ती वेळ आली नाहीं. त्याच जमिनीवर बेलूर मठ उभा राहिला.

१८९९ सालीं ते पुन्हां परदेशीं गेले व सॅन फ्रान्सिस्को येथें दुसरें केंद्र उभें राहिलें. परंतु मधुमेह व दमा यांनीं शरीर पोखरलें होतें. ता. ४ जुलै १९०२ रोजीं बेलूर मठांत त्यांनीं देह ठेवला. त्या दिवशींही त्यांनीं तरुण साधूंना कित्येक तास संस्कृत व्याकरण शिकविलें होतें. त्यांना चाळीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं.

त्यांच्यामागें काम थांबलें नाहीं, हीच त्यांच्या कामाची खरी परीक्षा. सॅन फ्रान्सिस्को येथें १९०६ सालीं मंदिर झालें. तेथील स्वामी त्रिगुणातीतानंद एका माथेफिरूच्या बाँबनें जखमी होऊन १९१५ च्या आरंभीं मरण पावले, तरी केंद्र बंद पडलें नाहीं. फ्रान्सचे थोर लेखक रोमां रोलां यांनीं गुरुशिष्यांचीं चरित्रें लिहून तीं युरोपच्या हातीं दिलीं. आपल्या शेजारीं नागपुरास १९२८ सालीं मठ स्थापन झाला, आणि तेथून या विचाराचीं पुस्तकें मराठींत घरोघरीं जाऊं लागलीं. आज वीसहून अधिक देशांत या संस्थेचीं केंद्रें आहेत, आणि सर्व मिळून त्यांची संख्या दोनशेंहून अधिक भरते. शाळा, वसतिगृहें, रुग्णालयें व ग्रंथालयें हेंच त्यांतील पुष्कळ केंद्रांचें नित्याचें काम आहे. ज्या रायपुरांत या मुलाला शाळा मिळाली नाहीं तेथील विमानतळाला २०१२ पासून त्याचें नांव आहे. आणि १९८५ पासून ता. १२ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस देशभर राष्ट्रीय युवादिन म्हणून पाळला जातो.

विद्यार्थिमित्रहो, व्यासपीठावरील टाळ्या आपल्यापैकीं फार थोड्यांच्या वांट्यास येतील, आणि न आल्या तरी त्यांत दुःख मानण्याचें कारण नाहीं. ज्या घरांत शाळेची उणीव बापानें स्वतः भरून काढली, ज्या वर्गांत शिक्षकानें खुल्या मनानें दुसरीकडची वाट दाखविली, ज्या गृहिणीनें दारांतून जाणाऱ्या परक्याला हांक मारली, त्या सर्वांचा वांटा या जगद्व्यापी कार्यांत आहे. शिकलेलें स्वतःपुरतें ठेवावयाचें कीं वांटावयाचें, हा प्रश्न शाळा सोडतांना प्रत्येकाला पडणार आहे. धाकट्या भावंडाला दिलेला एक धडा, आजारी शेजाऱ्यासाठीं वैद्याकडे घातलेली एक खेप, एवढ्यानेंही त्याचें उत्तर देण्यास आरंभ करतां येतो. पुढें कधीं नागपूर-रायपूर रस्त्यानें किंवा आगगाडीनें जाल, आणि वैनगंगेचा पूल ओलांडाल, तेव्हां बैलगाडींत बसून याच बाजूनें गेलेल्या त्या चौदा वर्षांच्या मुलाची आठवण करा. त्याच्या मनांत भरलें तें मोहोळ कोणा एका माशीनें बांधलेलें नव्हतें.